बंद पडलेले संगणक एका दुपारी पुन्हा सुरू



आपल्या वस्त्यांमधल्या काही अभ्यासिकांत देणगीतून आलेले दहा-वीस संगणक असतात. सुरुवातीला ते छान चालतात. मग कुणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो, कुणी सेटिंग बदलतं, आणि एकेक संगणक कापडाखाली झाकला जातो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आली, की घरी संगणक नसलेल्या मुलीला सायबर कॅफेत पैसे मोजावे लागतात, नाहीतर अर्जच राहतो. यातले बरेच संगणक मोडलेले नसतात. त्यांच्यातलं फक्त सॉफ्टवेअर बिघडलेलं असतं.

त्यावरचा उपाय म्हणजे डिस्क इमेज. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, मराठी-उर्दू फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग अशा सगळ्यासकट डिस्कची घेतलेली प्रत. एक संगणक नीट तयार करायचा, त्याची इमेज घ्यायची आणि बाकीच्यांवर उतरवायची. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला हे मुक्त सॉफ्टवेअर हे काम फुकट करतं. ते सहसा डिस्कचा वापरलेला भागच उचलतं, म्हणून 500 जीबीच्या डिस्कची इमेज 20 जीबीतही मावू शकते.

वीस संगणकांना पेनड्राइव्ह लावत फिरलात तर दिवस जाईल. इथे नेटवर्कची केबल कामी येते. एका संगणकावर क्लोनझिला सुरू करून त्याला सर्व्हर करायचं, बाकीचे स्विचला जोडायचे आणि सुरू होताना त्यांना ‘नेटवर्क बूट’ निवडून द्यायचं. इंटरनेट लागत नाही. उलट, तेवढा वेळ स्विच राउटरपासून सोडवून ठेवा. नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले की गोंधळ होतो.

इथे ‘मल्टिकास्ट’ वापरायचं. सर्व्हर प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवत नाही. वर्गात शिक्षक एकदाच बोलतात आणि सगळे लिहून घेतात, तसं. सगळ्यांनी लिहून घेतल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही, म्हणून एक संथ संगणक सगळ्यांना थांबवतो. त्याला बाजूला काढून नंतर एकट्याने करा.

वाय-फायवर हे करू नका. नेटवर्क बूट सहसा केबलवरच चालतं, आणि मल्टिकास्ट वाय-फायवर फार रखडतं. केबलही तपासा. 20 जीबीची इमेज 100 एमबीपीएसच्या जोडणीवर पाठवायला किमान 27 मिनिटं लागतात, तर गिगाबिटवर हिशोबाने तीनपेक्षा कमी. प्रत्यक्षात डिस्कवर लिहायला जास्त वेळ जातो, पण फरक मोठा आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली की वेग मुकाट्याने 100 वर येऊ शकतो.

आता धोक्याची गोष्ट. इमेज उतरवली की त्या डिस्कवरचं जुनं सगळं पुसलं जातं, त्यात एखाद्याचा प्रोजेक्ट, एखादीचा बायोडेटाही गेला. म्हणून मुलांच्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर काढा, दोन दिवस आधी भिंतीवर सूचना लावा. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान नसावी. इमेज घ्यायच्या संगणकात कुणाचाही पासवर्ड किंवा आधारची प्रत नसावी, नाहीतर ती वीस ठिकाणी पोहोचेल. चोरीच्या विंडोजच्या वीस प्रती काढण्यापेक्षा लिनक्स घ्या. अर्ज भरायला आणि टाइप करायला ते पुरतं.

घेतलेली इमेज एका संगणकावर उतरवून बघितल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. आणि शेवटचं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं: पायऱ्या मराठीत एका कागदावर लिहा, स्विचशेजारी चिकटवा, आणि अभ्यासिकेतल्या निदान दोघांना, त्यात एक मुलगी असू द्या, हे स्वतःच्या हातांनी करायला लावा. तुम्ही बाजूला बसून फक्त बघा. इंजिनिअर पुण्याला नोकरीला गेला म्हणून मुलांची अभ्यासिका बंद पडता कामा नये.