टाकाऊ साल आणि शास्त्राची कसोटी



कन्हान हे नागपूर-जबलपूर महामार्गावरचे, नदीचेच नाव धारण केलेले गाव. जिल्ह्याच्या पश्चिमेस काटोल, नरखेड आणि पुढे वरूड, मोर्शीपर्यंत संत्र्याचा मुलूख पसरलेला आहे. आंबिया बहार बाजारात आला की घरोघरी सालींचा ढीग साचतो. रस काढल्यावर फळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग मागे उरतो आणि तो बहुधा उकिरड्यावर जातो.

आपल्या आजी-पणजींनी मात्र साल सहसा टाकली नाही. संत्र्याची वाळलेली साल दिवाळीच्या उटण्यात पडे, डाळिंबाच्या सालीचा काढा अतिसारावर दिला जाई. याच साली दातांच्या रोगजंतूंना आवरतात काय, हा प्रश्न आता प्रयोगशाळांनी हाती घेतला आहे.

दात किडतो तो जंतूंमुळे. त्यांतील प्रमुख 'स्ट्रेप्टोकोकस म्यूटान्स' हा क्लार्क या संशोधकाने 1924 साली वर्णिला. तोंडात उरलेल्या साखरेचे तो आम्ल बनवतो. दाताभोवतीचा सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते.

प्रयोगाची रीत सोपी आहे. साल वाळवून भुकटी करतात, ती पाण्यात वा अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क गाळतात. जंतू वाढवलेल्या बशीतील खळग्यात हा अर्क घालून ती सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. भोवती जंतूविरहित वर्तुळ उमटले, तर त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात आणि क्लोरहेक्सिडिनसारख्या प्रस्थापित औषधाशी त्याची तुलना करतात. डाळिंबाच्या सालीतील तुरट टॅनिने अशा चाचण्यांत प्रभावी दिसली आहेत. संत्र्याच्या सालीतील तेलातही जंतुविरोधी गुण आढळले आहेत.

तथापि, बशी म्हणजे तोंड नव्हे. तोंडात लाळ अर्क धुऊन नेते आणि दातांवरच्या चिकट थरात जंतू सुरक्षित दडून बसतात. म्हणून कोणी घरी साल दातांवर घासू नये. लिंबूवर्गीय फळांतील आम्ल कवचाला अपायकारक ठरू शकते, सालीवर कीटकनाशकाचा अंशही असू शकतो. दातात पू झाला, गालावर सूज आली, ताप चढला, तर घरगुती उपायांत दिवस दवडणे जिवावर बेतू शकते. तेथे दंतवैद्यच गाठावा.

मग या संशोधनाचे मोल काय? प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना नवे पर्याय शोधणे अगत्याचे आहे. शिवाय परंपरेचा अभिमान पुराव्याविना पांगळा असतो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले आणि 1997 साली ते रद्द झाले. ती लढाई घोषणांनी नव्हे, कागदांनी जिंकली.

सालीचेही तसेच आहे. कोणती साल, कोणत्या द्रावकातला अर्क, किती मात्रा, रुग्णाच्या तोंडात परिणाम किती आणि अपाय काय, याची नोंद व्हायला हवी. विदर्भातील विद्यार्थ्यांना त्यासाठी कच्चा माल दूर शोधावा लागणार नाही. तो त्यांच्या अंगणात पडलेला आहे. तोवर दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे आणि मुलांच्या हातातील गोड कमी करणे, हे व्रत प्रत्येक घराने पाळावे.