आधी वीज, मग कार्ड

गेम अडखळायला लागला, की मुलं नव्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरतात. माझ्या मुलानंही धरला. पैसे त्यानंच साठवलेले, तेव्हा नाही कसं म्हणणार? फक्त म्हटलं, आधी कॅबिनेट उघडून बघू.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. त्यापुढची वीज पॉवर सप्लायकडून वेगळ्या वायरीनं घ्यावी लागते. सहा पिनांच्या वायरीतून ७५ वॉट, आठ पिनांच्या वायरीतून १५०. त्याला हवं होतं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०. २०२१ साली आलेलं हे कार्ड १७० वॉट घेतं आणि कंपनी त्यासाठी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. आमचा होता ४०० वॉटचा. अपुऱ्या सप्लायवर ऐन खेळात संगणक बंद पडू शकतो.

दोन्ही घेण्याइतके पैसे नव्हते. पोरगं दोन दिवस गप्प होतं. मग त्यानं आधी चांगला सप्लाय घेतला. कार्डासाठी अजून साठवतोय.

तुम्हीही दुकानात जाण्यापूर्वी सप्लायवरचं लेबल वाचा, कार्डाची लांबी पट्टीनं मोजा आणि मॉनिटरही पाहा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, कार्ड कितीही महागाचं असो.