ऑपरेशन झालं, आता भीती कसली?
(जोडप्यांच्या मेळाव्यातील भाषण)



मागच्या खेपेस आपण पाळणा लांबविण्याविषयी बोललो. तांबी, गोळ्या, बाईचे ऑपरेशन, पुरुषाची नसबंदी, सगळे झाले. उठता उठता मागच्या एका भावाने विचारले, "बाई, ऑपरेशन झालं म्हणजे आता कसलीच भीती नाही ना?" मूल राहण्याची भीती नाही, हे खरे. परंतु शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे विषाणू ऑपरेशनला जुमानत नाहीत, तांबीला नाही आणि गोळीलाही नाही. त्यांना अडवतो तो निरोध, आणि तोही साऱ्यांना सारखा नाही. तेवढ्यासाठी आज पुन्हा आले आहे.

आपल्याकडे या सगळ्या दुखण्यांना एकच नाव, गुप्तरोग. त्यातले गरमी आणि परमा हे जंतूंमुळे होतात व पुरते औषध घेतले की बरे होतात. विषाणूंचे तसे नाही. नेहमी आढळणारे चार: एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी, हर्पिस आणि एच.पी.व्ही. चौघांना एका दावणीला बांधले की काय घोटाळा होतो, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

गाव सांगत नाही. पाच महिन्यांची गरोदर मुलगी होती. रक्त तपासले, कागदावर 'पॉझिटिव्ह' आले. कागद हाती दिला, पण समजावून कोणी सांगितले नाही. घरी शिकलेल्या दिराने तेवढा एकच शब्द वाचला, आणि घरात एड्स शिरला म्हणून ओरड झाली. तिचे ताट वेगळे झाले. आठवड्याच्या आत माहेरी रवानगी. मी गेले आणि कागद पुरता वाचला, तर ती होती हिपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' प्रकारची कावीळ. पुढे तिच्या आईचे रक्त तपासले, तिलाही तीच. म्हणजे लेकीला बहुधा जन्मतानाच मिळालेली. आणि सासरचे तिच्या चालीवर बोट ठेवून बसले होते!

ही कावीळ संबंधातून जाते, रक्तातून जाते, आईकडून बाळाला जाते. एकाच्या वस्तऱ्याने दुसऱ्याची दाढी, जत्रेत एकाच सुईने गोंदणे, यातूनही जाते. मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या पंचाण्णव जणांचे शरीर तिला आपण होऊन हाकलते. तान्ह्या बाळाचे उलटे. जन्माच्या वेळी लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या अंगात ती मुक्काम करते आणि पुढे यकृत खाते. म्हणून बाळाला पहिल्या चोवीस तासांत लस टोचतात, नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. त्या मुलीचे बाळंतपण दवाखान्यात झाले, बाळाला लस आणि जोडीला दुसरे एक इंजेक्शन वेळेत मिळाले. नवऱ्याचे रक्त तपासून त्यालाही लसीचे तीन डोस दिले. तिने बाळाला अंगावर पाजले. वर्षाने बाळाचे रक्त तपासले, स्वच्छ निघाले. तिच्या सासूने मात्र माझ्याशी अजून धड बोलणे केलेले नाही, ते असो.

बरे, तो एच.आय.व्ही. असता, तरी ताट वेगळे करायचे काही कारण नव्हते. एका ताटात जेवल्याने, शिवल्याने, डास चावल्याने तो जात नाही. आपल्या देशात तो पहिल्यांदा 1986 साली चेन्नईत आढळला, तेव्हा औषध नव्हते. त्या वेळची धास्ती लोकांच्या मनात अजून आहे, पण 2004 सालापासून सरकारी केंद्रांत औषध फुकट मिळते. तो अंगातून जात नाही. गोळी जन्मभर आणि रोज घ्यावी लागते. परंतु गोळी न चुकवता रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. गरोदरपणी औषध सुरू केले तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. या विषाणूवर लस अजून नाही. तपासणी संमतीशिवाय करता येत नाही, असा 2017 चा कायदा आहे. आणि लागण झाल्यावर लगेच केलेली तपासणी फसवी असू शकते, म्हणून धोका घडून तीन महिने झाल्यावर पुन्हा करावी.

हर्पिसचे थोडक्यात सांगते. जांघेत, लिंगावर किंवा योनीपाशी पाण्याने भरलेल्या पुळ्या, आग, ठणका. आठ-पंधरा दिवसांत जातात, काही दिवसांनी पुन्हा उठतात. तिला लोक नागीण म्हणतात. ते चूक. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, ती संबंधातून येत नाही (आणि विळखा पुरा झाला की माणूस जातो, हेही खोटे). हर्पिस नसांमध्ये दडून राहतो, गोळ्यांनी जोर कमी होतो. पुळ्या असताना जवळ येऊ नये. बाळंतपणाच्या वेळी पुळ्या असल्या तर डॉक्टरांना आधी सांगावे, बाळाला धोका असतो.

आता चौथा, एच.पी.व्ही. माझे निम्मे येणे याच्यासाठी आहे. संबंध आलेल्या बहुतेक बायापुरुषांना तो केव्हा ना केव्हा लागतो, कळतही नाही, आणि एक-दोन वर्षांत बहुधा निघूनही जातो. त्याच्या दोनशेवर जाती आहेत. चामखिळी उठवणाऱ्या निराळ्या, त्यांनी कर्करोग होत नाही. परंतु 16 आणि 18 नंबरच्या जाती काही बायांच्या अंगात टिकून राहतात, आणि गर्भपिशवीच्या तोंडाचे शंभरातले सत्तर कर्करोग या दोघींचे. त्याला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर आहे. पण आपली बाई काय करते? दोन मुलांवर ऑपरेशन झाले, की दवाखान्याची वाट विसरते. तिशीनंतरच तपासायचे असते, आणि नेमकी तेव्हाच ती येत नाही.

दूरचे उदाहरण नको. आपल्याच उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून एक मोठा अभ्यास झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया. त्यांतल्या ज्या गटाची या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली आणि दोष निघालेल्यांवर उपचार झाले, त्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. 2009 साली ते जगापुढे आले. ज्वारी काढणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या, तुमच्या-माझ्यासारख्या बायांनी ते जगाला दाखवले!

मोठ्या रुग्णालयात ही तपासणी मिळाली तर उत्तम. नाही तर आरोग्य केंद्रात व्हिनेगरसारखे पाणी लावून गर्भपिशवीचे तोंड पाहतात; मिनिटभराचे काम, दुखत नाही. तिशीपुढे दर पाच वर्षांनी करावे. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर पाच वर्षे कसली, दुसऱ्या दिवशी यावे. मुलींसाठी लस आहे, नऊ ते चौदा वर्षांत दिलेली चांगली. पुण्यातच तयार होणाऱ्या लसीला 2022 साली परवानगी मिळाली. आपल्या केंद्रात केव्हा मिळते ते विचारून घ्या.

निरोधाचे राहिले. दर खेपेस नीट वापरला तर एच.आय.व्ही. आणि कावीळ यांना तो चांगला अडवतो. हर्पिस आणि एच.पी.व्ही. कातडीला कातडी लागूनही जातात, म्हणून तिथे धोका कमी होतो, संपत नाही. आणि हे दोन्ही वर्षानुवर्षे गुपचूप बसू शकतात. आज पुळी उठली म्हणून कालच कोणी कुठे गेले होते, असे ठरत नाही. भांडण्याआधी दोघांनी मिळून केंद्रात यावे.

आता पुरुष मंडळींनी इथेच थांबावे, आमचे आरोग्य सेवक बोलतील. बायांनी माझ्याबरोबर शाळेच्या खोलीत यावे. चारचौघांत विचारायचे नसेल त्यांनी चिठ्ठी दाराजवळच्या डब्यात टाकावी, नाव घालू नये. एच.आय.व्ही.बद्दल फोनवर विचारायचे असेल तर 1097, पैसे पडत नाहीत.