प्रयोगाचा कर्ता



मराठी व्याकरणात प्रयोग मुख्यतः तीन: कर्तरी, कर्मणी आणि भावे. क्रियापद कोणाच्या आज्ञेत चालते, एवढेच तेथे पाहायचे. मानसशास्त्रातील प्रयोगही कर्त्याचाच शोध असतो. मूल सुधारले; परंतु ते कशामुळे?

याचे उत्तर तुलनेवाचून मिळत नाही. एकाच वर्गाला प्रथम जुन्या व मग नव्या पद्धतीने शिकविले, तर मुले तीच राहतात हा लाभ. पण पहिल्या धड्याची शिदोरी दुसऱ्यात येते. म्हणून अर्ध्या मुलांना क्रम उलटा द्यावा लागतो. तरीही एकदा शिकलेले पुसता येत नाही. दोन वेगळे गट घ्यावेत, तर आपल्या शाळांतील ‘अ’ व ‘ब’ तुकड्या पुष्कळदा गुणांवरूनच पाडलेल्या. तेथे निकाल प्रयोगाआधीच लागलेला असतो. सारख्या मुलांच्या जोड्या लावता येतात, पण घरची भूक, आईचे अक्षरज्ञान यांची जोडी कोण लावणार? उरतो चिठ्ठ्यांचा मार्ग, म्हणजेच यादृच्छिक विभागणी. माणसाच्या पसंतीला तेवढी एकच गोष्ट दाद देत नाही.

याचे ठळक उदाहरण आपल्याच देशातले. 2005 साली, तेव्हाच्या संयुक्त आंध्र प्रदेशात, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण भागातील 500 सरकारी प्राथमिक शाळा घेतल्या: पाच जिल्हे, प्रत्येकी दहा मंडले, प्रत्येक मंडलात दहा शाळा. प्रश्न नाजूक होता. मुलांच्या प्रगतीवर शिक्षकाला बक्षीस दिले तर मुले अधिक शिकतील काय? चिठ्ठ्या मंडलाच्या आतच टाकल्या, म्हणजे कोरड्या मुलखाची तुलना सुपीक मुलखाशी होऊ नये. काही शाळांत वैयक्तिक बक्षीस, काहींत साऱ्या शिक्षकांना मिळून, काहींत जादा शिक्षक, काहींत शाळेला अनुदान. उरलेल्यांत काहीच नाही. हा शेवटचा गटच प्रयोगाचा कणा. त्याच्यावाचून साऱ्या सुधारणा बक्षिसाच्या खाती जमा झाल्या असत्या.

दोन वर्षांनी बक्षीस असलेल्या शाळांतील मुले गणितात 0.27 आणि भाषेत 0.17 प्रमाण विचलनाने पुढे होती. बक्षिसाशी संबंध नसलेल्या विज्ञान व समाजशास्त्रातही ती मागे पडली नाहीत, उलट पुढे गेली. रक्कम सरासरीने वार्षिक वेतनाच्या सुमारे तीन टक्के. पाच वर्षांच्या पाहणीत वैयक्तिक बक्षिसाचा परिणाम टिकला. सामूहिक बक्षिसाचा त्याहून कमी राहिला. भाषेच्या माणसाला, विशेषतः सहकाराचे गोडवे गाणाऱ्या आम्हा जुन्या मंडळींना, हे पचणे अवघड जाते. परंतु आराखडा चोख असेल तर नावडता निकालही स्वीकारावा लागतो.

मला सर्वांत विचारात पाडते ती आणखी एक नोंद. बक्षिसामुळे शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही. जे शाळेत आले, त्यांनी मात्र अधिक गृहपाठ दिला, सराव चाचण्या घेतल्या आणि शाळा सुटल्यावर जादा तास घेतले.