तेल संपले, ऊब उरली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"विज्ञानाचे बोला, पण आम्हांला उमजेल असे बोला," अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. म्हणून आज उरलेल्या उष्णतेविषयी दोन शब्द सांगते.

आपल्या जुन्या चुलीला वैल असते. मुख्य जाळावर भात शिजतो आणि त्याच जाळाच्या उरल्या धगीवर, वैलावर, वरण शिजते. त्याला निराळे सरपण लागत नाही. हाच हिशेब तेलाच्या विहिरींना लावता येतो.

जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. तेलाच्या कित्येक विहिरी दोन-तीन किलोमीटर खोल असतात. तेल सरत आले की त्याच्याबरोबर पाणीच अधिक येऊ लागते, आणि ते चांगले कढत असते. पुढे विहीर परवडेनाशी होते व ती सोडून देतात. पण तळाची ऊब काही संपलेली नसते. भूगर्भातील उष्णता काढावयाची तर मोठा खर्च खोदाईचा. येथे तो आधीच झालेला असतो.

तुम्ही विचाराल, उकळी न फुटलेल्या पाण्याने यंत्र कसे फिरेल? स्वयंपाकाच्या सिलिंडरकडे पाहा. आत द्रव असतो आणि घरातल्या साध्या उष्णतेने त्याची वाफ होते. अशाच लवकर उकळणाऱ्या द्रवाला गरम पाण्याची आच देतात. त्याची वाफ चक्र फिरविते, थंड होऊन पुन्हा द्रव बनते आणि पुन्हा कामाला लागते. कोळसा नाही, राख नाही, धूर नाही. अलास्कात चेना येथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज निघाली. वायोमिंगमध्ये २००८ साली तेलक्षेत्रातल्या गरम पाण्यावरही असे यंत्र चालविले गेले.

भंडाऱ्यात तेल नाही. परंतु आपली वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते, आणि त्या गोदावरीच्या खोऱ्यातच तेलंगणातील मणुगुरू आहे. तेथे कोळशाचा शोध घेण्यासाठी पाडलेल्या छिद्रांतून गरम पाणी लागले. त्यावर सिंगरेणी कोळसा कंपनीने २०२२ च्या सुमारास २० किलोवॉटचे प्रायोगिक वीजकेंद्र उभारले. म्हणजे धानाच्या बांधीला पाणी देणारे पाच अश्वशक्तीचे पाच पंप चालतील, एवढी वीज.

हे माप मुद्दाम सांगते. शंभर अंशांच्या पाण्यातील उष्णतेचे शंभर भाग केले, तर वीज होते ती जेमतेम आठ-दहा भागांची. म्हणून अशा विहिरी कोळशाच्या मोठ्या केंद्रांची जागा घेतील, असे कोणी म्हटले तर मानू नका. त्या विहिरीजवळच धान्य वाळविणे, पाणी तापविणे, अशी कामे त्या उष्णतेने सरळ केली, तर ती अधिक पुरते. वैलावर पुरण शिजवावे, पण गावजेवण रांधू नये!

मग आपल्या शेतातील कोरड्या बोअरवेलचे काय? तीनशे फूट म्हणजे सुमारे नव्वद मीटर. तेथे उष्णता वाढते ती दोन-तीन अंश. तिच्यातून वीज निघत नाही. ती उघडी राहिली, तर मात्र एखाद्या घरचे मूल गिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अशा सोडलेल्या बोअरवेल तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरण्याचे निर्देश दिले आहेत. नुसता दगड ठेवून किंवा पोते झाकून भागत नाही.

तेव्हा भगिनींनो, ज्या विहिरीत ऊब आहे तिचा उपयोग व्हावा, आणि जिच्यात काहीच नाही ती नीट बुजवावी. पहिले काम शास्त्रज्ञांचे आहे, दुसरे आपले. येत्या महिन्यात प्रत्येकीने आपल्या व शेजारच्या शेतातील उघडी बोअरवेल पाहून घरमालकाच्या मागे लागावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.