जबड्याच्या सांध्याची झीज
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. मुलांस शिकवण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि "वय झाले" असे म्हणून घरोघरी ज्या दुखण्याची बोळवण होते, त्याविषयी चार शब्द सांगावेत असे वाटते.

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जो हालतो, तो जबड्याचा सांधा. उजवा व डावा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांशी असल्यामुळे दोन्ही जोडीनेच चालतात. हाडांवर तंतुमय कूर्चेचे आवरण, मध्ये चकती आणि वंगणासारखा द्रव, अशी निसर्गाची योजना आहे. कूर्चेतील कोलॅजेनचे तंतू खाटेच्या सुंभाप्रमाणे ताण सोसतात. ॲग्रिकॅन हे द्रव्य पाणी धरून दाब सोसते.

ही झीज केवळ घासण्याने होत नाही. झोपेत दात खाणे, मार लागणे, चकती सरकणे यांमुळे सांध्यावर अतिभार पडला, की इंटरल्यूकिन-१ व टीएनएफ-अल्फा हे दाहाचे निरोपे निघतात. तो निरोप पोहोचताच कूर्चेच्या पेशीच विकरे सोडू लागतात. त्यांपैकी एमएमपी-१३ कोलॅजेन तोडते, तर ॲडॅमटीएस गटातील विकरे ॲग्रिकॅन तोडतात. तुटलेले तुकडे दाह आणखी वाढवतात. अशा रीतीने मोड पुढे जाते, जोड मागे पडते आणि सांधा करकरू लागतो.

हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्या भगिनी तो मुकाट्याने सोसतात, भाकरी सोडून पेजेवर राहतात आणि खंगतात. कित्येकदा दाताचेच दुखणे समजून निरोगी दात काढला जातो. म्हणून प्रथम दंतवैद्यास दाखवावे. मऊ अन्न, शेक, जबड्याचे व्यायाम व रात्री दातांवर बसवायचे आवरण यांनी बहुतेकांस आराम पडतो. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

आणखी एक सावधगिरी. सुपारी खाणाऱ्याचे तोंड उघडेनासे झाले, तर सांध्यास दोष देऊन स्वस्थ बसू नये. सुपारीने गालाचे अस्तर ताठर होते. तो विकार निराळा असून त्यातून कर्करोग संभवतो. यास्तव आपल्या समारंभांतील तबकातून सुपारी वगळावी, अशी सूचना आम्ही सभेपुढे नम्रपणे ठेवतो. आदरातिथ्यास गुलाबपाणी व पेढा पुरेसा आहे.