एका नगाचे काम



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंतातल्या संध्याकाळी संतांवर बोलावे, शेतीवर बोलावे. बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर काय बोलायचे? पण मला बंदुकीविषयी थोडे आणि कारागिराविषयी अधिक बोलायचे आहे. एकाच नगाचे लहानसे काम घेऊन आपण कारागिराच्या दारात जातो आणि तो म्हणतो, ‘एवढ्याशा कामासाठी मशीन कोण अडवणार?’ हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? बंदुकीच्या बाबतीत तो अधिक कडू असतो. कारण तेथे मुळात दारेच मोजकी.

हे काम लागते कोणाला? दोघांना. पहिला आपल्या पश्चिमेकडचा शेतकरी. राधानगरी, भुदरगड, चंदगड या भागात पिकात रानडुकरे शिरतात, गवे उतरतात. त्यांना बार काढून पिटाळण्यासाठी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात एखादी जुनी बंदूक असते. तिची कमान मोडते, घोडा सैल होतो. दुरुस्तीचा माल मूठभर लोखंडाचा. पण ती कमान बाजारात तयार मिळत नाही. ती त्या बंदुकीच्या मापाने घडवावी लागते, तिला पाणी द्यावे लागते. पाणी जास्त झाले तर ती काचेसारखी तुटते, कमी झाले तर वाकते.

दुसरा गरजू म्हणजे नेमबाज. या बाबतीत कोल्हापूरने मान ताठ ठेवावी अशी कामगिरी केली आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिच येथे ५० मीटर प्रोन रायफल प्रकारात जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. त्याच्या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असते आणि मधले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ सदऱ्याच्या बटणाएवढे! अशा ठिकाणी दस्ता खांद्याला दोन सूत लांब झाला किंवा मूठ तळहातात किंचित फिरली, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. कारखाना मूठ बनवतो ती ठरावीक मापाची. आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा हात त्या मापात बसेलच असे नाही. मग मूठ कोठे कानशीने घासावी लागते, कोठे भरून घ्यावी लागते. हे काम आहे एका हाताचे, एका नगाचे. दुसऱ्या कोणाला ते उपयोगी पडणार नाही.

असे कारागीर आपल्याकडे विपुल का नाहीत? बुद्धी कमी म्हणून नव्हे. हत्यारांना धार देणारी, ती उजळणारी शिकलगारांची जात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. १८५७ साली कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला. त्या वर्षाच्या धड्याने हिंदी माणसाच्या हातातल्या हत्याराचे इंग्रजांना भय वाटू लागले आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने त्या भयाला कायमचे रूप दिले. हत्यार गेले, तशी हत्यार घडवणाऱ्याची भाकरीही गेली. शिकलगार सुऱ्या, कात्र्या आणि अडकित्ते यांच्याकडे वळले. राहता राहिली शिकार. दाजीपूरचे राखीव शिकारीचे रान १९५८ साली अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर पडदा पडला. ते योग्यच झाले. त्याबद्दल कोणी हळहळू नये. पण विद्येचे असे असते की तिचा धनी गेला म्हणजे तीही मुकाट्याने निघून जाते, आणि पुढे नवा धनी आला तर हाक मारूनही परत येत नाही.

येथे कोणी म्हणेल, आमच्या उद्यमनगरात इतके लेथ फिरतात, एखादा मेस्त्री एक कमान करून देणार नाही काय? देईल, आणि तेथेच धोका आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची नुसती दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. बिनपरवाना दुरुस्तीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. आपल्या कळंब्यात मध्यवर्ती कारागृह आहे. एका भल्या मेस्त्र्याला शेजारधर्म म्हणून तेथे पाठवणे हे काही चांगल्या गिऱ्हाइकाचे लक्षण नव्हे! कायदा कडक आहे तो असावाच. पण कायदा कडक असला म्हणजे कायद्याच्या आतले दार उघडे ठेवण्याची जबाबदारी अधिक वाढते.

एका नगाचे काम मी क्षुल्लक का मानत नाही, त्याला याच मातीतला दाखला आहे. बाबूराव पेंटर यांना चित्रपट काढायचा होता. त्यांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास येथेच कॅमेरा बनवला. हिशेबाने पाहिले तर तो एका नगाचा धंदा, म्हणजे शुद्ध तोटा. पण त्या एका नगातून १९२० चा ‘सैरंध्री’ निघाला, आणि तेच दामले १९२९ साली प्रभातच्या संस्थापकांत होते. शंभर नग करणारा माणूस शंभराव्या नगाला पहिल्यापेक्षा फारसे अधिक शिकत नाही. नवे काम अंगावर घेणारा मात्र प्रत्येक नगाला नवा धडा घेतो.

तेव्हा करावे काय? गिऱ्हाइकाने परवानाधारक दुकानदाराकडेच जावे, आपला परवाना बरोबर न्यावा, आणि दुरुस्तीचा परवाना आहे काय हे विचारून घ्यावे. नळी, चाप, खटका यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नये. आणि मोबदला लोखंडाच्या वजनावर मोजू नये, वेळेवर मोजावा. चार तास बसून घडवलेल्या कमानीला आपण ‘एवढ्याशा तुकड्याचे इतके?’ असे म्हणतो, तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकासाठी ते दार आपणच लावून घेत असतो. नेमबाजी शिकवणाऱ्या संस्थांनी दहा मुलांची कामे एकत्र करून एका कारागिराला वर्षभराची हमी द्यावी. सरकारने होतकरू तरुणाला रीतसर चौकशी करून परवाना द्यावा आणि जुन्या हाताखाली शिकू द्यावे. कारण जुना हात थांबला, की तो परवाना नुसता भिंतीवर टांगायचा कागद उरेल.

पदक आले की आपण मिरवणूक काढतो, हलगी वाजते, गुलाल उधळतो. त्यात गैर काहीच नाही. पण त्या पदकामागे कोणीतरी कानस घेऊन मूठ घासली असते, तिची किंमत त्याच दिवशी आठवावी. लहान काम घेणारा माणूस ज्या गावात पोटभर जेवतो, त्या गावाला मोठ्या कामासाठी परगावी जावे लागत नाही.